चांदीच्या गावातला ट्रंककॉल

बस घाट चढायला लागली तशा बाया एकेका खिडकीशी दाटी करायला लागल्या. कुणी म्हणे ते बघा गाव, कुणी म्हणे ते बघा देऊळ. डोंगराच्या अंगावर पांढरी घरं एकावर एक रचल्यासारखी चढत गेलेली, सगळ्यांवर लाल कौलं, आणि मधोमध चर्चचे, गुलाबी दगडाचे दोन उंच मनोरे. चांगुणा खिडकीशीच बसली होती. तिनं एकदा वर बघितलं आणि पुन्हा मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायला लागली. गुंडाळायचा, सोडायचा. परत गुंडाळायचा.

"अगं, बघ की जरा," शेजारच्या मथुराबाई म्हणाल्या. "पुन्यांदा कवा येणार हाय आपण इथं?"

"बघते की," चांगुणा म्हणाली, आणि बंद पुन्हा बोटाला गुंडाळला.

शुक्रवारपासून तिचं हे असंच चाललं होतं. साल पंचाहत्तर. मेक्सिकोच्या राजधानीत जगभरच्या बायकांची परिषद भरली होती, आणि हिंदुस्थानातून आलेल्या बायांत धाराशिव जिल्ह्यातल्या तिघी होत्या. एक इरम्मा मॅडम, उमरग्याकडच्या, सोलापूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या. त्यांच्या भरवशावर बेंबळीच्या दोघी सात समुद्र ओलांडून आल्या होत्या. शुक्रवारी सकाळी पेपर वाचता वाचता इरम्मानं हातातला कप खाली ठेवला आणि सांगितलं, देशात आणीबाणी लागली. पुढाऱ्यांना, संघटनावाल्यांना घराघरातून उचलून नेतायत.

चांगुणाचा नवरा पिराजी बेंबळीच्या शेतमजूर संघटनेचा म्होरक्या होता.

दिल्लीहून आलेल्या ताई या सगळ्या बायांच्या प्रमुख. त्यांनी त्याच दिवशी सगळ्यांना बसवून बजावलं, की परक्या मुलखात आपल्या घरचं काही बोलायचं नाही, आणि रविवारची सहल ठरल्याप्रमाणे होईल. सहल होती तास्कोची. शेकडो वर्षांपूर्वी गोऱ्या लोकांनी डोंगर पोखरून चांदी काढली, त्या चांदीवर वसलेलं जुनं गाव. चांगुणाला ते नाव काही जिभेवर येईना. ती म्हणायची, चांदीचं गाव.

आता मथुराबाईंची ओळख सांगायला हवी, कारण तिथंच सगळी मेख होती. बहात्तरच्या दुष्काळात बेंबळीच्या शिवारात तलाव झाला, तो चांगुणा आणि तिच्यासारख्या बायांच्या डोक्यावरच्या पाट्यांनी. परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आणि वाट्याला येईल ती सरकारी सुकडी खाऊन त्यांनी बांध उभा केला. तलाव भरला, आणि भरला तशी त्याच्यावर सहकारी उपसा सोसायटी निघाली. मोटारी बसल्या, पाइप पडले, पाणी गेलं चेअरमनच्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या उसाला. बुद्धवाड्यातल्या बाया घागरी घेऊन टँकरच्या वाटेकडं डोळे लावून उभ्याच. तेव्हा पिराजीनं माणसं गोळा केली. त्यानं वायर तोडली नाही, दगड उचलला नाही. नुसता मोटारींच्या खोलीपुढं ठिय्या मारून बसला. ऊस वाळायला लागला तसे साहेब लोक धावत आले आणि बुद्धवाड्याला नळ मिळाला. चेअरमन श्रीपतराव तेव्हा सगळ्यांदेखत हसून म्हणाले होते, "आजचा दिस तुझा, पिराजी."

मथुराबाई म्हणजे ह्या श्रीपतरावांच्या बायको. महिला दूध संस्थेच्या अध्यक्षा म्हणून त्यांची निवड झालेली. चांगुणाला मुंबईच्या एका संघटनेनं पाठवलं होतं. तिथल्या सभेत ती दुष्काळी कामावरच्या बायांविषयी बोलली, ते ऐकून. एकाच गावच्या दोघी, पण उभ्या जन्मात एकमेकींच्या घराची चौकट ओलांडली नव्हती. इथं त्यांना एकच खोली मिळाली. विमान समुद्रावर हादरे खायला लागलं तेव्हा मथुराबाईंनी डोळे मिटून चांगुणाचा हात गच्च धरला होता, आणि उतरल्यावर दोघीही त्याबद्दल अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

बस खालच्या चौकात थांबली. पुढं चढ. गुळगुळीत गोट्यांनी बांधलेल्या गल्ल्या, त्यांतून पांढऱ्या रंगाच्या बुटक्या मोटारी घरघरत वर जायच्या आणि माणसांना भिंतीला चिकटून उभं राहावं लागायचं. दारादारात चांदीची दुकानं. वाटाडा इंग्रजीत बोलत होता, इरम्मा मराठीत सांगत होती, आणि चांगुणा इरम्माच्या कोपराला हात लावून पुन्हा पुन्हा विचारत होती, "मॅडम, इथनं फोन व्हतो का व्हो?"

"होतो," शेवटी इरम्मा थांबून म्हणाली. "ते बघा, त्या दुकानावर पाटी आहे, लांबचे फोन. पण कुणाला लावणार? बेंबळीत पोस्टाशिवाय फोन नाही. तिकडं आता रात्र असेल."

चांगुणाला उत्तर ठाऊक होतं. ते ओठांवर आणायला तिला अख्खा चढ चढावा लागला. देवळाच्या पायऱ्यांवर मथुराबाई धाप टाकत बसल्या होत्या. चांगुणा त्यांच्यापुढं उभी राहिली.

"तुमच्या धाराशिवच्या बंगल्यावर फोन हाय न्हवं?"

मथुराबाईंनी पदरानं तोंड पुसलं. त्यांना लगेच समजलं होतं. "हाय. पण काय इचारू मी ह्यांना? त्यांचं आन पिराजीचं तुला म्हाईत हाय."

"घरी हाय का नेला, एवढंच इचारा. दुसरं काय न्हाय."

मथुराबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "चल. जागंच असत्याल ते अजून."

दुकान कसलं, एक अरुंद खोली होती. एका बाजूला काच लावलेली लाकडी फोनची खोली, आणि गल्ल्यावर कानाला यंत्र लावून बसलेली एक जाडजूड बाई. इरम्मानं नंबर सांगितला. बाईनं गावाचं नाव तीनदा विचारलं, हसली, मान हलवली आणि बोलायला लागली. आधी राजधानी, मग आणखी कुठलं तरी शहर, मग मुंबई. मुंबईपाशी गाडी अडली. बाईनं हातानं खूण केली, थांबा.

थांबणं चांगुणाच्यानं होईना. ती बाकावर बसायची, उठायची, दारात जायची, परत यायची. शेवटी इरम्मा म्हणाली, "तुम्ही दोघी देऊळ बघून या. कॉल आला की मी हाक मारते."

देवळाच्या आत सोनंच सोनं होतं. खालपासून छतापर्यंत सोन्यानं मढवलेले देव, देवदूत, पानं, फळं. बाकीच्या बाया माना वर करून बघत होत्या. वाटाडा सांगत होता आणि कुणीतरी हिंदीत अर्थ लावत होतं, की हे सगळं एकाच खाणमालकानं बांधलं. देवानं त्याला दिलं, त्यानं देवाला दिलं.

"आन खाणीत उतरायचं कोण?" चांगुणानं विचारलं. तिचं तिलाच नवल वाटलं, की आपण हे ऐकत होतो.

प्रश्न हिंदीतून इंग्रजीत गेला, उत्तर उलट्या वाटेनं आलं. "इंडियन लोग."

मथुराबाई दचकल्या. "अगं बया! आपली माणसं इथवर आणली व्हती?"

मग कळलं, की इथल्या मूळच्या माणसांनाही गोरे लोक इंडियनच म्हणायचे. बाया हसल्या. मथुराबाईही हसल्या. चांगुणा तेवढ्यात दाराकडं निघाली होती.

इरम्मानं दुकानाच्या दारातूनच मान हलवली. अजून नाही.

मथुराबाई एका चांदीच्या दुकानात शिरल्या आणि करंडे बघायला लागल्या. चांगुणा पायऱ्या उतरून खालच्या बाजारात गेली. मिरच्यांचे ढीग, चिंचा, बोराएवढे टमाटे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या बायका. एक म्हातारी मक्याच्या पिठाचा गोळा दोन्ही हातांवर थापून तव्यावर टाकत होती. चांगुणा उभी राहून बघायला लागली, तशी म्हातारीनं एक भाकरी दुमडून तिच्या पुढं केली. चांगुणानं घास तोडला. घास तोंडातच फिरत राहिला. पेरणीचे दिवस. तिफण कुणी धरली असंल? पोरं चुलत्याकडं गेली असतील का? सासू पुतळाबाईला कमी ऐकू येतं. पोलीस आले असतील तर ते काय बोलले, कुठं नेतो म्हणाले, हे म्हातारीला समजलंही नसंल. आणि पिराजीला दमा. ढग भरून आले की त्याची छाती भरायची.

"चांगुणाबाई! लवकर या!"

वरच्या कठड्यावरून इरम्मा हात हलवत होती. चांगुणा पायऱ्या धावत चढली. दुकानात पोचली तेव्हा मथुराबाई काचेच्या खोलीत शिरून ओरडत होत्या.

"हॅलो! अहो, मी मथुरा! व्हय, तिकडनंच... बरी हाय. मला काय न्हाय झालं, ऐका की आदी. आपल्या गावातला पिराजी... पिराजी! हां, चांगुणाचा. ती इथंच हाय, ती इचारती..."

मग त्या ऐकत राहिल्या. चांगुणानं काचेला दोन्ही हात टेकवले होते.

"कवा?" मथुराबाई म्हणाल्या. आणि जरा वेळानं, अगदी हळू, "तुम्ही?"

एवढं म्हणून त्यांनी पाठ फिरवली. त्यांच्या अंबाड्याखालची मान तेवढी चांगुणाला दिसत होती. फोन ठेवून त्या बाहेर आल्या त्या खाली बघतच.

"लाइन तुटली. धड काय ऐकूच आलं न्हाय."

"कवा, म्हणलात की तुम्ही."

"ते व्हय... पाऊस कवा पडला म्हणून इचारलं."

चांगुणानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं तोंड होतं ते. ती वळली आणि चालायला लागली.

कुठं चाललो हे तिला माहीत नव्हतं. चढ दिसला की चढायचं, बोळ दिसला की शिरायचं. भिंतींवरून लाल-जांभळ्या फुलांच्या वेली लोंबत होत्या, खिडक्यांत पिंजऱ्यातली पाखरं किलबिलत होती, एक गाढव पाण्याचे डबे घेऊन समोरून आलं. गाव संपत आलं तिथं डोंगराच्या कुशीत एक भोक होतं, पुढं गंजलेल्या गजांचं दार. जुन्या खाणीचं तोंड. आतून थंड वारा येत होता. चांगुणा दारापुढच्या दगडांच्या राशीवर बसली. नेलाय. नेलाय हे तर नक्की. मग ही बाई लपवती काय?

बऱ्याच वेळानं वाटेवर पावलं वाजली. मथुराबाई चपला हातात घेऊन, अनवाणी, घामानं चिंब होऊन वर येत होत्या. दोन ठिकाणी थांबल्या. चांगुणा जागची हलली नाही. मथुराबाई येऊन समोरच्या दगडावर बसल्या, आणि दम बसायच्या आधीच बोलायला लागल्या.

"धरलंय त्याला. परवा पहाटं. फौजदार बंगल्यावर आला व्हता आदल्या रात्री. तुमच्याकडं तापदायक माणूस कोण, म्हणून इचारत व्हता. ह्यांनी नाव सांगितलं. एकच. मला हसून सांगत व्हते, चांगुणा. म्हणले, आता सोसायटीपुढं ठिय्या बसायचा न्हाय."

चांगुणाच्या हातात दगड होता. तो कधी उचलला हे तिलाच कळलं नव्हतं. वजनदार, हातात नीट बसणारा. खडी फोडताना असला दगड तिनं बाजूला काढून ठेवला असता. मथुराबाईंनी तो बघितला. त्या उठल्या नाहीत, हात वर केला नाही, नुसत्या बघत राहिल्या.

दगड खाली पडला. घरंगळत गजांपाशी गेला.

"कुठं ठिवलाय?" चांगुणानं विचारलं.

"ते न्हाय इचारलं मी. मला सुधरंना काय."

"मग उठा. पुन्हा लावा फोन."

"आगं, लई चिडतील ते."

"चिडू द्या."

मथुराबाईंनी चपला पायात सरकवल्या.

दोघी खाली आल्या तोवर बसचा भोंगा वाजायला लागला होता. सगळ्या बाया पिशव्या घेऊन बसल्या होत्या. दिल्लीच्या ताई दुकानाच्या दारातच उभ्या होत्या, चेहरा लाल. हिंदीत म्हणाल्या, की हे काय चाललंय, सगळ्या तुमच्यासाठी खोळंबल्यात, आणि इथून फोनबिन करायला कुणी सांगितलं?

"माझ्या घरी अडचण हाय, ताई," मथुराबाई मराठीतच म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. बसल्या त्या अशा, की चौघांना उचलावं लागलं असतं. "फोन झाल्याबिगर म्या न्हाय हालायची. जायाचं तर जावा तुम्ही."

ताई इरम्माकडं वळल्या. इरम्मा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

गल्ल्यावरच्या बाईनं चांगुणाचं तोंड बघितलं आणि कुणी काही सांगायच्या आत यंत्र कानाला लावलं. ती मुंबईशी भांडायला लागली. शब्द समजत नव्हते, भांडण समजत होतं. मधेच तिनं उठून चांगुणापुढं पाण्याचा पेला ठेवला. भोंगा दोनदा वाजला, मग वाजायचा थांबला. बाईनं एकदम हात वर केला.

मथुराबाई आत गेल्या. "हां, मीच पुन्हा," त्या म्हणाल्या. "तुमच्याशी बोलायचंय एकीला." आणि त्यांनी फोन चांगुणाच्या हातात दिला.

चांगुणानं जन्मात फोन कानाला लावला नव्हता. आत विहिरीत वारं घुमावं तसा आवाज होता, आणि त्यातून झोपेनं जड झालेला एक माणूस म्हणाला, "कोण हाय?"

"मी चांगुणा. पिराजीची बायको."

तिनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"माझा नवरा कुठं ठिवलाय, श्रीपतराव?"

गावात त्यांना मालक म्हणायची रीत होती. चांगुणानं पहिल्यांदाच नाव घेतलं होतं.

"मला काय ठावं? सरकारचं काम हाय ते. तू तिकडं गप बस, काय बोलू-बिलू नको."

"नाव तुम्ही दिलं. तुम्हाला ठावं असणार."

"फोनवर असलं बोलत्यात का? कुणी ऐकलं मंजे!"

"मग बिगीनं सांगा."

"धाराशिवलाच हाय अजून. सोमवारी नाशिकला हलवणार म्हणत्यात."

"माझ्या सासूला त्याच्या आदी भेटवा. तुमचा ट्रॅक्टर बेंबळीत हाय. त्यात बसवून आणा तिला. आन त्याच्या दम्याच्या गोळ्या कोनाड्यात हायत, चिमणीच्या मागं. तिला त्या घ्यायला सांगा. मोठ्यानं सांगा, तिला ऐकू येत न्हाय."

"बघतो."

"बघतो न्हाय. उजाडलं की."

"चांगुणे, तू कुणासंगं बोलतीस हे—"

"म्हाईत हाय मला. तुमच्या बायकोबी इथं उभ्या हायत, ऐकत्यात." 

पुढं खरखर झाली आणि लाइन खरोखरच तुटली.

परतीच्या वाटेवर बसमध्ये कुणी गाणी म्हटली नाहीत. घाट उतरताना सूर्य डोंगराआड गेला. मथुराबाईंनी बराच वेळ मांडीवरच्या, दुपारी घेतलेल्या करंड्याचं झाकण उघडलं, मिटलं. मग म्हणाल्या, "घरी गेल्यावर माझं काय व्हईल, ठावं न्हाय."

"मला तुमच्यासंगं गोड बोलायला व्हायचं न्हाय," चांगुणा म्हणाली.

"नगं बोलू."

पुढं काय झालं, ते चांगुणाला गावी परतल्यावर कळलं. सोमवारी दिवस उगवायला श्रीपतरावांचा ट्रॅक्टर बुद्धवाड्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला होता. पुतळाबाईला वाटलं, आता आपल्याला न्यायला आले. तिनं ड्रायव्हरला काठीचे दोन तडाखे दिले. शेवटी शेजारच्या हरणाबाईनं तिच्या कानात ओरडून समजावलं, तेव्हा म्हातारी गोळ्या घेऊन ट्रॅक्टरवर चढली. लेकाला डोळाभर बघितलं, गोळ्या दिल्या, आणि दुपारच्या गाडीतून पिराजीला नाशिकला नेलं.

मथुराबाई दूध संस्थेच्या अध्यक्षा राहिल्या नाहीत. प्रकृतीचं कारण सांगितलं गेलं. धाराशिवचा बंगला सोडून त्या बेंबळीच्या घरातच राहायला लागल्या. रस्त्यात समोरासमोर आल्या की दोघी थांबायच्या, पोराबाळांचं विचारायच्या आणि आपापल्या वाटेनं जायच्या. त्याच्या पलीकडं कधी गेलं नाही.

नाशिकच्या जेलात भेट मिळाली तेव्हा पोळा होऊन गेला होता. जाळीपलीकडं पिराजी वाळला होता, दाढी वाढलेली, पण छाती घरघरत नव्हती. चांगुणा वाटभर घोकत आली होती काय काय सांगायचं: पावसात पडलेल्या मागल्या भिंतीचं, धाकट्याच्या तापाचं, उडीद कसा आलाय त्याचं. तिनं तोंड उघडायच्या आत त्यानं विचारलं, "मालकानं ट्रॅक्टर पाठवला, हे खरं हाय का गं? आई सांगत व्हती, तर मला वाटलं म्हातारीला भास झाला."

"खरं हाय. मीच सांगितलं पाठवा म्हणून."

"तू? कवा?"

मग तिनं सांगितलं. फोनचं, मालकाला नावानं हाक मारल्याचं, झोपेतून उठवल्याचं. पिराजीला हसू फुटलं. तो इतका हसला, की पहाऱ्यावरच्या शिपायानं वळून बघितलं. हसता हसता त्यानं जाळीला कपाळ टेकवलं.

"श्रीपतराव म्हणलीस? तोंडावर?"

"मग काय म्हणू?"

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "पयल्यापासनं सांग. त्यो फोनवर काय म्हणला आदी?"

ती पहिल्यापासून सांगायला लागली. ट्रॅक्टरपर्यंत आली तोच शिपाई म्हणाला, वेळ संपली. भिंतीचं, तापाचं, उडदाचं सांगायचं राहूनच गेलं. फाटकाबाहेर आल्यावर ते तिच्या ध्यानात आलं, आणि ती वळून पुन्हा आत जायला निघाली, तर फाटक लागलं होतं.